केळवणातला मुका महाएपिसोड

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरील सन्माननीय सदस्य, विशेषतः जे फक्त 'सुप्रभात' टाकण्यापुरते जिवंत असतात ते, यांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की त्या रविवारी दुपारी ठाणे पूर्व, कोपरी येथील आमच्या राहत्या घरी टीव्हीचा आवाज बंद होता. कमी नव्हता. बंद होता. तो मी स्वतः, पूर्ण शुद्धीत असताना, माझ्या उजव्या अंगठ्यानं बंद केला होता. याबाबत वेगळं काही सांगणारे जे कोणी नातेवाईक असतील, ते एकतर त्या दिवशी हजर नव्हते किंवा त्यांचं सगळं लक्ष श्रीखंडात होतं.

हे निवेदन करायची वेळ आली, कारण त्या दुपारी आमच्या हॉलमध्ये एक आवाज घुमला आणि तो टीव्हीतून येतोय असं आम्ही सगळे धरून चाललो. मी हौशी नट आहे. रंगमंचावर अनेकदा मेलोय. एकदा तर खलनायकाच्या हातून मरायच्या आधीच दाराची चौकट अंगावर पडून मेलो होतो, आणि प्रेक्षकांनी त्यालाच टाळ्या दिल्या होत्या. पण त्या दुपारी बसला तसा धक्का मला आजवर बसलेला नाही.

प्रसंग होता माझ्या भाचीच्या केळवणाचा. लग्न ठरलेल्या मुलीला मामानं घरी बोलावून जेवू घालायचं, पाटाभोवती रांगोळी काढायची, ओटी भरायची, आणि जेवणाआधी तिच्याकडून होणाऱ्या नवऱ्याच्या नावाचा उखाणा वसूल करायचा. पूर्वी हे साधं जेवण असायचं. आता त्याला फुलांची कमान लागते, ताटाभोवती पाकळ्या लागतात, आणि मामा माझ्यासारखा असेल तर पार्श्वसंगीतही लागतं.

पण त्या दिवशी एक अडचण होती. अडचणीचं नाव भावोजी.

भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, भाचीचे वडील. डोंबिवलीला राहतात, सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना हा माणूस घरात इतका कमी बोलायचा, की मांजरसुद्धा त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचं. निवृत्त झाले आणि एका मालिकेच्या नादी लागले. मालिका अशी, की एक श्रीमंत, देखणा, भुवया उडवणारा तरुण एका साध्या मुलीवर प्रेम करतो. प्रेम म्हणजे काय, तर तिचा फोन तपासतो. तिच्या मैत्रिणी तोडतो. ती ऑफिसातून निघाली की मागे गाडी घेऊन हिंडतो. चारचौघांत तिच्यावर ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर बसून रडतो. ती बिचारी दरवेळी माफ करते, कारण माफ केलं नाही तर मालिका संपेल.

आमच्या घराण्यात त्या नायकाला कोणीही नायक म्हणत नसे. त्याचं आमच्यातलं नाव राक्षस. रोज एपिसोड संपला की ग्रुपवर भावोजींचा आवाजी मेसेज यायचा. सुरुवातीला खोकला, मग विश्लेषण. "आज त्यानं काय केलं पाहिलंत का? आधी अपमान, मग फुलं. आधी अपमान, मग फुलं. हा पॅटर्न आहे. मुलीला कळत कसं नाही?"

पण भावोजींचा खरा राग राक्षसावर नव्हताच. तो होता नायिकेच्या वडिलांवर. मालिकेतले हे गृहस्थ दर एपिसोडला एका कोपऱ्यात उभे असत. डोळ्यांत पाणी, हात एकमेकांत गुंफलेले, तोंड बंद. राक्षस त्यांच्या पोरीला वाटेल ते बोलतोय आणि हे भिंतीला टेकून. कॅमेरा त्यांच्याकडे वळला, की भावोजी सोफ्यावरून अर्धे उठायचे आणि टीव्हीला ओरडायचे, "अरे, बोल की! बाप आहेस का कपाट?" त्यांच्या मजल्यावरच्या लहान मुलांनासुद्धा हे वाक्य पाठ झालं होतं.

तर अशा या भावोजींनी केळवणाचं आमंत्रण एका अटीवर स्वीकारलं. रविवारी दुपारी एक वाजता मालिकेचा महाएपिसोड होता, आणि त्यात राक्षसाचं बिंग फुटणार असं आठवडाभर दाखवत होते. "जेवण केव्हाही करा," ते मला फोनवर म्हणाले, "पण एकला टीव्ही लागला पाहिजे."

"भावोजी, मुलीचं केळवण आहे हो."

"मग? केळवण पुढच्या घरीही होईल. महाएपिसोड परत दाखवतील याची काय खात्री?"

आता होणाऱ्या जावयाबद्दल. मुलगा माजिवड्याचा. उंच टॉवर, उंच पगार, स्वतःही उंच. पहिल्या भेटीत वाकून नमस्कार केला तो थेट पायांपर्यंत. हल्लीची मुलं गुडघ्यापाशीच काम आटोपतात, त्यामुळे ताई तिथेच विरघळली. साखरपुड्यानंतर तर ताईच्या तोंडी एकच शब्द राहिला, काळजी. किती काळजी करतो गं तो!

आणि करायचा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. भाची कल्याणला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती निघाली की याचा फोन, पोचली की याचा फोन, मधे गर्दीत नेटवर्क गेलं तर ताईला फोन. तिनं लोकेशन कायम चालू ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. ताई कौतुकानं सांगायची, "नाहीतर आमचे हे! लग्नाला इतकी वर्षं झाली, मी बाजारात गेलेय की माहेरी, ते यांना भाजी बघूनच कळतं."

मग भाचीचा कॉलेजचा ग्रुप सुटला. दर पावसाळ्यात ही टोळी कुठल्या ना कुठल्या गडावर जाऊन चिखलात लोळून यायची. त्या वर्षी ती गेली नाही. "त्याला आवडत नाही, त्यात मुलं आहेत ना," असं ती म्हणाली, आणि माझी बायको म्हणाली, "बरोबर आहे, लग्नाच्या तोंडावर पाय मुरगळायला नको." तिनं हे अगदी मनापासून म्हटलं.

एकदा ठाण्यातल्या एका हॉटेलात तो तिच्यावर ओरडला. का, तर वेटरशी ती हसून बोलली. भाची एकटीच रिक्षा करून स्टेशनला आली आणि डोंबिवलीला गेली. दुसऱ्या दिवशी हे महाशय गुलाबांचा एवढा मोठा गुच्छ घेऊन आले, की तो लिफ्टमध्ये मावेना. शेवटी गुच्छ लिफ्टनं वर गेला आणि जावईबापू जिन्यानं. सगळा मजला दारात उभा. घरात एवढी मोठी फुलदाणी कोणाकडे असते? ताईनं तो गुच्छ पाणी भरून बाथरूममधल्या बादलीत ठेवला आणि त्या दिवशी भावोजींनी गुलाबांच्या सान्निध्यात आंघोळ केली. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला तो नेहमीसारखा मालिकेवर. राक्षसानं त्या दिवशी नायिकेला ऑर्किड पाठवली होती. "आधी अपमान, मग फुलं," भावोजी खोकून म्हणाले, आणि मागे बाथरूमचा नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

तुम्ही म्हणाल, एवढं डोळ्यांसमोर आणि दिसलं नाही? नाही दिसलं. टीव्हीतला राक्षस गोरा, गुळगुळीत, त्याच्या मागे कायम ढोल वाजायचे. आमचा मुलगा आला की ढोल वाजत नव्हते. तो आला की ताई पोहे करायची.

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. भाचीचं हसणं. हे हसणं आमच्या घराण्याची ठेव आहे. लहानपणी थिएटरात ती हसली की पुढच्या रांगा सिनेमा सोडून मागे बघायच्या. दवाखान्यात तिचे रुग्ण म्हणे कण्हायचं विसरतात. साखरपुड्यानंतर ते हसणं हळूहळू आत गेलं. आता ती हसायची तेव्हा तोंडावर हात ठेवायची. मी एकदा विचारलंही, "काय गं, दात दुखतोय का?" ती म्हणाली, "नाही मामा, उगीच." बायको म्हणाली, "लग्न ठरलं की पोरी गंभीर होतात." मीही तेच धरून चाललो.

असो. रविवार उजाडला. मुलाचंही त्याच दिवशी त्याच्या आत्याकडे केळवण होतं, म्हणून तो येणार नव्हता. ताई, भावोजी आणि भाची साडेबाराला आले. शेजारच्या मावशी सकाळपासूनच होत्या. मावशी मूळच्या इथल्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा, की भरतीच्या वेळी खाडीच्या त्या काठावरचा माणूस वळून बघेल. मालिकेच्या बाबतीत त्या भावोजींच्या पक्षाच्या.

भाची दारातून आत येताना मी सनई लावणार होतो. नाटकाच्या पार्श्वसंगीतासाठी घेतलेला मोठा ब्लूटूथ स्पीकर माझ्याकडे आहे, तो मी टीव्हीच्या शेजारी ठेवला होता. पण माझ्या फोनवर सनई ऐन रंगात आली आणि मधेच मूळव्याधीची जाहिरात लागली. बायको कडाडली, "बंद करा ते! पोरीचं केळवण आहे!" तेव्हा भाची म्हणाली, "थांब मामा, माझ्या फोनवर जाहिराती येत नाहीत." तिनं आपला फोन स्पीकरला जोडला. ती परत दाराबाहेर गेली, परत आत आली, सनई वाजली, बायकोनं ओवाळलं, मी डोळे पुसले. माझं डोळे पुसणं शेवटच्या रांगेतून दिसतं.

एक वाजला. टीव्ही लागला. भावोजी ताटावर बसले ते टीव्हीकडे तोंड करून. पडद्यावर हॉस्पिटल, बेडवर ती बिचारी, दारात राक्षस. इकडे रांगोळी, पाटावर भाची, समोर श्रीखंड-पुरीचं ताट.

"उखाणा!" मावशी गरजल्या.

मी सनई थांबवली, रिमोट उचलला आणि, वर जाहीर केल्याप्रमाणे, टीव्हीचा आवाज बंद केला. "अरे, अरे," भावोजी कळवळले, पण मी म्हटलं, "भावोजी, फक्त उखाण्यापुरता." रिमोट मी कुठेतरी टेकवला. नंतर तो सापडला ओटीच्या ताटात, नारळाच्या खाली.

भाचीनं फोन काढला आणि त्यात बघून उखाणा वाचला. होणाऱ्या नवऱ्याचं नाव मी इथे गाळतो, त्याची लायकी तेवढीच आहे.

"शब्दाबाहेर त्यांच्या कधी टाकणार नाही पाऊल,
…रावांच्या मर्जीची आधीच घेईन चाहूल."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशींनी पुरीचा घास हातात धरला तो तसाच. "हा कुठला गं उखाणा? सासूनं दिला का?"

"नाही, त्यानंच पाठवलाय. हाच घे म्हणालाय."

"किती हौशी आहे बघा," ताई म्हणाली. पण तिचाही आवाज जरा पडला होता.

"ह्यात मजा नाही," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे असला उखाणा घेतला तर नवरीला परत होडीत बसवतात. तुझा घे, मनातला!"

भाचीनं ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि मला, खूप दिवसांनी, ती जुनी पोरगी दिसली, जी लहानपणी माझ्या नाटकाच्या तालमीत माझ्याच मिशा लावून माझी नक्कल करायची.

"श्रीखंडाच्या जोडीला टम्म फुगली पुरी,
…राव फुगले, की त्यांच्यापेक्षा पुरीच बरी!"

आणि हसली. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. मावशींनी मांडीवर थाप मारली, बायकोच्या हातातली पळी वाकडी झाली, भावोजींनी चक्क टीव्हीवरून नजर काढली. ते हसणं एवढं जोरात होतं, की खालच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं हो?" असं विचारलं. मी हे सगळं माझ्या फोनवर टिपलं आणि तिथल्या तिथे स्टेटसला टाकलं. मी सगळंच स्टेटसला टाकतो. आमच्या सोसायटीची टाकी धुतली तेव्हासुद्धा मी टाकलं होतं.

हसण्याच्या भरात भाचीच्या पदरावर श्रीखंड सांडलं. ती फोन घेऊन आत बाथरूममध्ये पदर धुवायला गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

इकडे भावोजींनी टीव्हीकडे बघितलं आणि ते ओरडले, "अरे, बिंग फुटतंय! आवाज वाढवा!" पडद्यावर राक्षसाचा चेहरा काठोकाठ भरला होता, कानाला फोन. भुवया आकाशात. मी रिमोट शोधायला उठलो. उठतो तोच टीव्हीच्या बाजूनं आवाज आला, खणखणीत.

"कुठे आहेस तू?"

"आला!" भावोजी म्हणाले. "आला राक्षस!" आणि मी परत बसलो. मला वाटलं, रिमोट बायकोला सापडला. बायकोला वाटलं, मला सापडला.

"बोलत का नाहीस?" आवाज म्हणाला. पडद्यावर राक्षसाचे ओठ हलत होते. "कोणाला विचारून एवढी हसत होतीस?"

"हसायलाही परवानगी लागते का रे, हलकटा?" भावोजी.

मग आवाज आणखी खाली उतरला. "कोण आहे तिथे? कोण बोलतंय तुझ्या बाजूला? पुरुषाचा आवाज कोणाचा येतोय?"

"बघा, बघा, संशय," बायको म्हणाली. "ठेव गं बाई फोन, ऐकून कशाला घेतेस?"

"मेल्याला होडीत घाला नि खाडीत सोडून या," मावशी म्हणाल्या. "येताना होडी आणा फक्त."

"लोकांसमोर दात काढून हसायचं नाही, हे कितीदा सांगितलंय तुला?" आवाज म्हणाला. "माझी लाज काढतेस? तुला वळण लावायला मला एक मिनिट लागणार नाही."

आणि इथे माझी ताई उठली. जी आयुष्यात कोणावर ओरडली नाही, जी नवऱ्याला 'चहा झालाय' हेसुद्धा दाराच्या पडद्याकडे बघून सांगते, ती हातातली वाटी खाली ठेवून टीव्हीसमोर बोट नाचवत म्हणाली, "मेल्या, तुझ्या आईनं तुलाच आधी वळण लावायला हवं होतं! परक्याची पोर म्हणजे काय तुझी मोलकरीण वाटली?"

आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. भावोजी म्हणाले, "शाब्बास!"

"कोण आहे ही बाई?" आवाज किंचाळला. "आणि मी पुरी? माझ्यापेक्षा पुरी बरी? माझ्या आत्याच्या घरी सगळ्यांनी बघितला तो व्हिडिओ!"

भावोजींचा हात हवेत थांबला. "पुरी?" ते म्हणाले. "ह्याच्या हॉस्पिटलात पुरी कुठून आली?"

बायकोनं हळूच हात वर केला आणि पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे छोटासा कर्णा होता आणि त्याच्यावर फुली. आवाज बंद असल्याची खूण. राक्षस अजून ओठ हलवत होता आणि त्याच्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. शेजारी माझ्या स्पीकरचा निळा दिवा लुकलुकत होता.

भाचीचा फोन स्पीकरला जोडलेला तसाच होता. मी फक्त सनई थांबवली होती, आणि त्या स्पीकरला माइकही होता.

तेवढ्यात बाथरूमचा नळ बंद झाला आणि भाची फोन कानाला लावून बाहेर आली. "हॅलो? हॅलो? ऐकू येत नाहीये रे…" आणि दारात थबकली. कारण तिला हॉलमधून तोच आवाज ऐकू आला, सगळ्या घरात घुमणारा. "आता का गप्प? उत्तर दे!"

मला वाटलं, ती रडेल. किंवा रागावेल. किंवा माझ्यावर ओरडेल, की मामा, तुझा तो स्पीकर! तिनं यातलं काहीच केलं नाही. तिचा चेहरा एकदम सपाट झाला, पाटी पुसल्यासारखा, आणि ती त्या स्पीकरसमोर येऊन उभी राहिली. आम्ही कोणी तिथे नाहीच, अशी. आणि सवयीच्या, घाईच्या आवाजात म्हणाली, "सॉरी. सॉरी. चुकलं माझं. परत नाही हसणार."

परत नाही हसणार.

मी नाटकवाला माणूस आहे. कुठल्या वाक्याआधी किती तालीम झाली असेल ते मला ऐकून कळतं. हे वाक्य ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. ते इतकं पाठ होतं, की त्यातून सगळा अर्थ गळून गेला होता. बायकोनं माझा दंड धरला होता. मावशी पदराचं टोक दातांत धरून बसल्या होत्या. ताई तशीच टीव्हीसमोर उभी होती, बोट अजून वर, आणि तिच्या डोळ्यांपुढून बहुधा ती गुलाबांची बादली जात होती.

"तुझ्या बाबांना दे फोन," स्पीकर म्हणाला. आता त्यात एक प्रकारचं समाधान होतं. "दे. त्यांनाच विचारतो, हेच का तुमचे संस्कार. साखरपुड्यात तेच म्हणाले होते ना, आता तुम्हीच सांभाळा हिला म्हणून? दे त्यांना."

भाचीनं भावोजींकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

भावोजी केव्हा उठले होते मला माहीत नाही. ते भिंतीला टेकून उभे होते. हात एकमेकांत गुंफलेले. डोळ्यांत पाणी. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि आवाज फुटत नव्हता. आणि त्यांच्या खांद्यामागे, पडद्यावर, कॅमेरा नेमका त्या दुसऱ्या बापावर आला होता. भिंतीला टेकलेला. हात गुंफलेले. मी दोघांकडे आळीपाळीनं बघत होतो आणि कुठला आपला, हे क्षणभर मला ठरवता येईना.

मालिकावाले इथे जाहिरात टाकतात. मी तसं करणार नाही. पुढचं आधीच सांगून टाकतो. भावोजी बोलले. एकदा सुरू झाले ते थांबेचनात. इतके महिने टीव्हीवर उधळलेला सगळा शब्दसंग्रह त्यांनी वर्गवारीनं वापरला आणि शेवटी "हलकट" म्हणून फोन माझ्या भाचीच्या हातात दिला. तो बंद तिनं स्वतः केला. लग्न झालं नाही. पत्रिका छापून आल्या होत्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर माझी बायको अजून वाणसामान लिहिते. मुलगा नंतर एकदा डोंबिवलीला गुच्छ घेऊन आला होता, आधीच्याहून मोठा. वॉचमननं त्याला सांगितलं, की लिफ्ट बंद आहे. लिफ्ट चालू होती.

नातेवाइकांनी खूप फोन केले. "एवढ्या तेवढ्यावरून मोडलंत? मुलगा रागीट आहे, पण प्रेम होतं हो." हे सांगणारे सगळेजण त्या मालिकेचे निष्ठावंत प्रेक्षक. त्या मालिकेत म्हणे राक्षस सुधारला आणि दोघांचं थाटात लग्न झालं. भावोजींनी तो भाग बघितला नाही. ते आता क्रिकेट बघतात आणि पंचांना शिव्या देतात. भाची यंदा चिखलात लोळून आली, आणि परवा आमच्याकडे अशी हसली, की खालच्या मजल्यावरून परत विचारणा झाली.

पण हे सगळं व्हायच्या आधी ती शांतता होती. स्पीकरचा निळा दिवा, "दे त्यांना फोन" असा तगादा, पोरीचा पुढे केलेला हात, आणि भिंतीला टेकलेले भावोजी. ती किती वेळ टिकली मला सांगता येणार नाही. मला तर ती अख्ख्या अंकाएवढी वाटली. मग माझी ताई टीव्हीकडून वळली. तेच नाचवायचं बोट तिनं सरळ आपल्या नवऱ्यावर रोखलं आणि खाडीच्या त्या काठावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अहो, बोला की! बाप आहात का कपाट?"